प्रमुख : रिक्त

३ मार्च

सगळं बदललं ते तू बसच्या खिडकीतून तो शब्द टाकलास तेव्हा. बस सुरू झालेली, कंडक्टर दार ओढतोय, मी खाली उभा राहून तुझी पिशवी वर देतोय आणि त्याच गडबडीत विचारतोय, की मग माझं काय? तू म्हणालीस, "तू ना, प्रभारी आहेस." आणि हसली नाहीस. हसली असतीस तर मी बसमागे धावलो असतो.

माझा नंबर तू बंद करून टाकलास म्हणून हा कागद. वर काही लिहिलेलं नाही, कारण काय लिहावं ते मला अजून सुचत नाही. सगळं ऑफिस तुला सिस्टर म्हणायचं. शिपाईमामा सिस्टर, डॉक्टरसाहेब सिस्टर, पेशंट सिस्टर. मी सिस्टर म्हणणार नव्हतो, मेलो तरी. नावानं हाक मारायची हिंमत नव्हती. म्हणून तुझ्या टेबलाजवळ येऊन नुसता खाकरायचो. तुला वाटलं मला खोकला आहे. एकदा तू औषधाची बाटली दिलीस आणि मी ती अख्खी संपवली.

प्रभारी! दुसरी कुठलीही शिवी चालली असती. आपल्या ऑफिसात या शब्दाचा अर्थ काय ते तूच मला शिकवलंस. नवा होतो, विचारलं, की प्रभारी म्हणजे नक्की काय? तू म्हणालीस, "जो खुर्चीत बसतो पण रेलत नाही, तो."

तू गेल्यावर मला पहिलं काम मिळालं ते आपल्या आरोग्य आणि पाणीपुरवठा विभागाचा नवा तक्ता काढायचं. कोण कोणाच्या हाताखाली, कोण कोणाला जाब देणार. सगळ्यात वर एक चौकोन, आत लिहायचं 'प्रमुख : रिक्त'. मोठ्या मॅडम निवृत्त झाल्यापासून त्यांच्या केबिनला कुलूप आहे आणि किल्ली मामांच्या कमरेला. खुर्ची एकच होती, तिचे दोन प्रभारी केले. तांत्रिक प्रभारी डॉक्टरसाहेब, आणि प्रशासकीय प्रभारी आपले स्वल्पविराम. (हे नाव तू ठेवलंस. आता मामासुद्धा तेच म्हणतात.) तर रिक्तच्या खाली दोन चौकोन, शेजारी शेजारी. छापून आणला तर डॉक्टरसाहेबांचा चौकोन केसभर वर. स्वल्पविराम पट्टी घेऊन आले. "हे बघ, माझी तशी काही तक्रार नाही, म्हणजे माझ्यासाठी हे गौण आहे, पण," आणि पट्टी लावून दाखवली. पुन्हा छापला. आता डॉक्टरसाहेबांना त्यांचा चौकोन खाली घसरल्यासारखा वाटला. मी म्हटलं, गवंड्याकडून लेव्हल मागवू का? तेव्हा दोघांनी मिळून मला झापलं. या विभागात एकमतानं झालेलं ते शेवटचं काम.

तुझाही चौकोन आहे त्यात. 'साथरोग परिचारिका : प्रतिनियुक्तीवर.' तू तिकडे शिकवायला गेलीस, असं कागदावर. खालच्या वस्तीत कावीळ निघाली, हे तू दोघांना ओलांडून थेट वर कळवलंस आणि तुला गाव सोडायला लावलं, हे तक्त्यात मावत नाही.

आणि कॉलेज मी कंटाळून सोडलं होतं. तुझा त्यात काही संबंध नाही, हे पुन्हा एकदा सांगतो.

९ मार्च

उत्तर नाही. ठीक आहे. उत्तर येईल तरच लिहीन, अशी काही माझी अट नव्हती. (होती. मागे घेतली.)

खालच्या वस्तीत तुझ्या ताईकडे गेलो होतो. बोलावलं नव्हतं, तरी गेलो. बाहेरून चढणारा तो जिना, जिन्याखाली नळ, नळाखाली हिरवी बादली. दार उघडून तुझी ताई पहिलं काय म्हणाली माहीत आहे? "ये रे, खोकला."

म्हणजे तुला माहीत होतं! सगळं माहीत होतं, घरी जाऊन बहिणीला सांगून हसलीसुद्धा होतीस, आणि मला गंभीर चेहऱ्यानं औषध पाजलंस! मी जिन्यावर असा लाल झालो की ताईनं पाणी विचारलं. मग स्वतःच जीभ चावली, "थांब, उकळलेलं देते."

तिला सातवा लागलाय. तिचे मिस्टर ट्रक घेऊन लांब गेलेत, महिनाअखेरीशिवाय येत नाहीत. बोलायला मात्र तुझ्या वरताण आहे. "जावईबापू म्हणेन अशी आशा ठेवू नकोस हं. तुझी ऑर्डर अजून निघालेली नाही."

मी म्हटलं, सगळं पाणी उकळतेस ना? तर म्हणाली, "पिण्याचं उकळते रे. पण चूळ भरायला, भाजी धुवायला, तोंडावर मारायला? कुठंकुठं उकळू?" याचं उत्तर तुझ्याकडे असतं.

ताई बरी आहे. जरा दमते, तेवढंच. या दिवसांत सगळ्याच दमतात, असं माझी आई म्हणते.

पाण्याचा तपासणी अहवाल आलाय. तू म्हणत होतीस तेच. खालच्या वस्तीची लाइन जुन्या गटाराला घासून जाते तिथं फुटली आहे आणि घाण आत ओढली जातेय. तुझ्या जागी आलेली नवीन सिस्टर रोज वस्तीतून फिरून येते आणि माझ्या टेबलावर नव्या पेशंटचे कागद ठेवते. मी ते टाइप करतो. टाइप केलेलं डॉक्टरसाहेबांकडे जातं. डॉक्टरसाहेब त्यावर 'पाहिले' लिहितात. मग स्वल्पविरामांकडे जातं. तेही 'पाहिले' लिहितात. इतकं पाहिलेलं गाव दुसरं नसेल.

ताईला तुझ्याकडे बोलावून घे. मी सांगितलं असं म्हणू नकोस.

१४ मार्च

आज माझं डोकं फिरलं. तुला हेच आवडत नाही, ठाऊक आहे. तरी ऐक.

बैठक होती. मला बोलावलं होतं ते पडद्यावर तक्ता दाखवायला, बोलायला नव्हे. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पाणी दूषित आहे. हे माझं तांत्रिक मत, मी दिलं."

स्वल्पविराम म्हणाले, "मत आणि शिफारस यात फरक असतो डॉक्टर, लाइन बंद करणं ही प्रशासकीय बाब, ती मी करीनच, मी कुठं नाही म्हणतोय, पण तशी शिफारस आधी यायला हवी,"

"शिफारस विभागप्रमुख करतो. मी प्रमुख नाही."

"मग मीही नाही,"

आणि दोघांनी एकदम वर बघितलं. कुठं, तर पडद्यावरच्या त्या वरच्या चौकोनाकडे! रिक्तकडे! जणू आतून कोणी हो म्हणणार आहे. देवघरात बघावं तसे बघत होते. मला आधी हसू आलं आणि मग मी उठून उभा राहिलो.

मी म्हटलं, "अहो, पण लोक मरतील ना! वॉल्व्ह बंद करा की!"

"तू कोण?" स्वल्पविराम म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचं वाक्य पूर्ण झालं.

मी काय केलं ते दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे. भिंतीवरचा तक्ता फाडला. स्वल्पविरामांची कॉलर धरली. मामांनी मागून कवेत धरून मला बाहेर काढलं. मला लेखी समज मिळाली. पुढच्या वेळी थेट घरी. कंत्राटी माणसाला काढायला प्रमुख लागत नाही, त्याची सोय तक्त्यात आहे.

संध्याकाळी तोच तक्ता मीच पुन्हा छापून मीच भिंतीवर चिकटवला. लाज वाटली. तू असतीस तर काय म्हणाली असतीस तेही ऐकू आलं. "झालं ओरडून? आता सांग, कोणाचं पाणी बंद झालं?"

कोणाचंच नाही.

आता खरं लिहितो. ताई बरी नाही. मागच्या वेळी गेलो तेव्हाच तिच्या डोळ्यांच्या कडा पिवळ्या दिसत होत्या. मला दिसलं, आणि मला दिसलं हे तिलाही दिसलं. तिनं माझ्याकडून शपथ घेतली. "तिला कळलं तर ती नोकरी टाकून येईल. आधीच तिच्या मागे लागलेत. तू गप्प बसायचं, खोकला. खोकायचं पण नाही." मी गप्प बसलो. आज मोडतोय. तुझ्या ताईची शपथ मोडली तर तू माझ्याशी बोलणार नाहीस, पण तू आत्ता तरी कुठं बोलतेस?

तिला घेऊन जा. मी आणून सोडतो. मी तुझ्या दारातसुद्धा थांबणार नाही, कोपऱ्यावरून परत फिरेन. पण हो म्हण.

१७ मार्च

पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल आणि तू निघाली असशील. दोन्ही धरून लिहितो.

काल सकाळी ताईला दवाखान्यात दाखल केलं. मी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू, दोघांनी. जिना उतरताना ती तीनदा बसली. ओकारी थांबत नव्हती. तरी रिक्षात मला म्हणाली, "बघ, तुझं लग्न होईपर्यंत मला जगवशील ना?" मी म्हटलं, माझ्या लग्नाच्या भरवशावर राहिलीस तर शंभरी गाठशील. हसली. मग हात असा घट्ट धरला की नखं रुतली. अजून खुणा आहेत.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, गरोदरपणात ही कावीळ वाईट. मग फॉर्म काढला. विचारलं, तुम्ही कोण पेशंटचे? मी काय सांगणार? म्हटलं, भाऊ. बघ, सिस्टर म्हणायचं नाही म्हणून इतकी वर्षं खोकलो आणि तुझ्या बहिणीचा भाऊ होऊन बसलो.

शेजारच्या खाटेवर तुमच्याच गल्लीतली पोरगी आहे. तिलाही दिवस गेलेत. तिची सासू पाणी भरून आणते, त्याच नळाचं, तांब्याच्या कळशीतून, वर स्वच्छ फडकं बांधून.

तिथून तडक डॉक्टरसाहेबांकडे गेलो. कॉलर धरायला नाही. हात मागे बांधून उभा राहिलो. म्हटलं, साहेब, आपल्या सिस्टरची सख्खी बहीण आहे. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "बाळ, माझ्याआधी एक प्रभारी होते. त्यांनी ताप पसरतोय म्हणून शाळा बंद करायला लावल्या. अंदाज चुकला. अजून चौकशीला जातात, काठी टेकत. मी सही करीन. पण मला कोणीतरी वरून म्हणायला हवं, की कर."

"वर कोणीच नाही साहेब. तक्ता मी काढलाय."

"तेच तर," म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. डोळे पुसायचे होते. वाईट माणूस नाहीत गं ते. हेच मला सहन होत नाही. वाईट असते तर मला काय करायचं ते कळलं असतं.

मग टाकीवर गेलो. टाकीवाले काका आपल्या पंपघरात स्टुलावर. तुझी चौकशी केली. खालच्या लाइनचा वॉल्व्ह त्यांच्या पाठीशीच आहे, लाल चाक, हात मागे केला तर लागेल. मी म्हटलं, काका, फिरवा. एवढंच, फिरवा. नळ बंद झाले की टँकर सोडायचे, हे तर ठरलेलंच आहे ना?

"ठरलेलंच आहे. टँकर मी सोडतो, त्याला कोणाला विचारावं लागत नाही."

"मग?"

"मग काय? मागं एकदा कोण्या पुढाऱ्याच्या माणसानं साहेब बोलतोय म्हणून बाहेरून फोन केला आणि मी अर्ध्या गावाचं पाणी तोडलं. घरी बसवलं होतं मला. मोठ्या मॅडमनी परत घेतलं आणि बजावलं, 'माझ्या केबिनच्या फोनवरून सांगितल्याशिवाय खालच्या चाकाला हात लावायचा नाही.' त्या फोनची थेट तार आहे इथं. दुसऱ्या कुठून हा फोन वाजतच नाही."

तो फोन बघितला मी. काळा, कपाटावर. वर फडकं झाकलेलं.

"मॅडम गेल्या काका."

"मॅडम गेल्या. त्यांचं सांगणं कुठं गेलं? पोरा, माझी सूनही खालच्याच वस्तीत राहते. मी रोज त्या फोनकडे बघत बसतो. वाजत नाही."

मी बाहेर येऊन टाकीच्या पायऱ्यांवर बसलो आणि रडलो. लहान पोरासारखा. कोणी बघितलं नाही, पण तुला सांगतो.

कॉलेजचं खोटं बोललो होतो. तू लसीकरणाला आमच्या कॉलेजात आलीस, माझा दंड धरलास आणि म्हणालीस, "हात सैल सोडा, मारामारीला आलात का?" दुसऱ्याच आठवड्यात तुमच्या ऑफिसात कंत्राटी जागा निघाली. संबंध होता. सगळा संबंध तोच होता.

१८ मार्च, दुपार

हे पत्र मी मोठ्या मॅडमच्या केबिनमधून लिहितोय. घाबरू नकोस, दार फोडलेलं नाही.

सकाळी ताईकडे जाऊन आलो. शुद्धीत आहे पण बोलता बोलता हरवते. मला म्हणाली, "बादली भरली का रे? नळ जाईल." पाणी जाईल याची तिला काळजी! त्या पाण्यानंच खाटेवर निजवली आणि ते जाईल म्हणून जीव टांगणीला. मी म्हटलं, हो ताई, भरली. ऑफिसात येईपर्यंत कानात तेच. नळ जाईल, नळ जाईल. कधी जाणार? कोण घालवणार?

जेवणाच्या सुट्टीत मामांजवळ जाऊन उभा राहिलो. काही मागितलं नाही. खोकलो. मामांनी माझ्याकडे बघितलं. मग कमरेचा जुडगा सोडला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "जेवायला बसलं की पोटात टोचतात मेल्या." डबा उचलला आणि गेले. माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आत धूळ आहे. खिडकीच्या पट्ट्यांतून ऊन येतंय. टेबलावर मॅडमचा चष्मापुसणीचा रुमाल राहिलाय. आणि फोन, काळा, तिकडच्यासारखाच.

वाटेत मी सगळं ठरवलं होतं. आवाज जाड करायचा. म्हणायचं, प्रभारी बोलतोय. कोण प्रभारी, हे कोणी विचारणार नाही, या गावात तो शब्द पुरतो. दोघांचंही नाव नाही, माझंही नाही. उद्या विचारलं तर स्वल्पविराम म्हणतील डॉक्टर असतील, डॉक्टर म्हणतील तेच असतील. पकडायला कोणीच सापडणार नाही. किती सोपं होतं!

फोन उचलला. पलीकडे वाजला. पहिल्याच घंटीला काकांनी घेतला. श्वास ऐकू येत होता नुसता.

"कोण बोलतंय?"

आणि मला तुझी बस दिसली. खिडकी दिसली. तू हसली नव्हतीस.

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

काका हळूच म्हणाले, "नाव कशाला सांगतोस वेड्या? नाव सांगितलं की ते लिहावं लागतं."

"लिहा काका."

"पद?"

"पद नाही. कॉम्प्युटरवर बसतो तो मी."

"ते कळलं रे. आवाज ओळखत नाही होय मी? बरं, मला एक सांग. हा फोन कुठल्या केबिनमधून आलाय?"

"मोठ्या मॅडमच्या."

"मग झालं. मॅडमनी केबिन सांगितलं होतं. कोण बोलेल ते सांगितलं नव्हतं." मग त्यांनी मला विचारलं, अगदी सरकारी आवाजात, "खालची लाइन बंद करायची का, साहेब?"

म्हटलं, "बंद करा. नवी जोडणी होईपर्यंत उघडायची नाही. टँकर सोडा. ज्या घरात गरोदर बाई आहे तिथं आधी. जबाबदारी माझी."

फोन त्यांनी खाली ठेवला नाही, तसाच कपाटावर ठेवला असावा, कारण मला ते चाक ऐकू आलं. गंजलेलं होतं, ओरडलं. थांबलं. पुन्हा ओरडलं. एवढं गोड काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही. तुझा आवाज सोडून.

मग मी खुर्चीत बसलो. आधी काठावर, मग मागे सरकलो आणि पाठ टेकली. रेललो. तुला कळावं म्हणून लिहितो. करकरते ती, पण धरते.

आता बाहेर आवाज वाढलाय. जेवणाची सुट्टी संपली. कोणीतरी वस्तीतून फोन केलेला दिसतोय, नळ गेले म्हणून. स्वल्पविराम विचारतायत, "कोणी, कोणाच्या आदेशानं, म्हणजे कुठल्या अधिकारात," आणि डॉक्टरसाहेबांची पावलं या दाराबाहेर येऊन थांबलीत. आत येत नाहीत. ते दाराशीच उभे राहतील आणि मी बाहेर पडलो की माझ्याकडे बघतील, सही केल्यासारखं, असं मला उगाच वाटतंय.

मला काढतील. पोलिसांतही देतील कदाचित. ओरडणार नाही मी, कॉलर धरणार नाही. विचारलं तर नाव सांगेन, एकदा सांगितलंय, आता जड जात नाही. ताईचं काय होईल ते मला माहीत नाही. उशीर केला आपण सगळ्यांनी. तू ये. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये, वॉर्डात शिरल्यावर उजव्या हाताची खिडकीजवळची खाट. मी तिथंच असेन किंवा मला नेलं असेल. पेशंटचे कोण म्हणून विचारलं तर सांग, की तिचा भाऊ आत्ताच गेला.

आणि वर अजूनही काही लिहिलेलं नाही. उभं राहून, एकदा तुझं नाव मोठ्यानं घेतलं आत्ता, या रिकाम्या केबिनमध्ये. खोकलो नाही.

किल्ली मामांच्या टेबलावर ठेवायची आहे. हा कागद खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.